वाढत्या अंगाची गोळी

आमचे वडील साताऱ्यात शिंपी होते, आणि शिंप्याच्या पोराचा सदरा कधीच मापात नसतो. जूनमध्ये शाळेसाठी शिवलेला सदरा मला मार्चमध्ये नीट बसायचा. मधले नऊ महिने त्या सदऱ्यात मी आणि बरीचशी हवा असे दोघं राहायचो. तक्रार केली, तर वडील मशीनवरची मान न उचलता म्हणत, "वाढत्या अंगाचा आहे." विषय संपला. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. बाहेरून दिसत नाही, पण वेळ आली की उसवून सोडता येते. वडिलांनी आम्हाला जवळ घेऊन लाड केल्याचं आठवत नाही. माया मात्र प्रत्येक सदऱ्यात दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच असायची.

हे सगळं मला आठवलं ते पेन्सिल्व्हेनियातल्या एका गॅरेजमध्ये, उकळत्या शिशाच्या भांड्यापाशी उभा असताना.

मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ राहत. आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले, एकटेच. एके सकाळी त्यांच्या गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं आणि आतून धूर येत होता. आमची ही वाकून पाहून आली आणि धावत घरात शिरली. "अहो, इथं कल्हई करून मिळते!" मुलीकडचं एकुलतं एक पितळी पातेलं घेऊन ती निघालीसुद्धा होती. ते कल्हईवाले नाहीत, घरच्या घरी रायफलीच्या गोळ्या ओततात, असं मुलीनं समजावल्यावर ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "पण पळी तशीच आहे."

पळी तशीच होती. भांडं तसंच, धूरही तसाच. कल्हईवाला नवसागर टाकतो, हे मेणाचा तुकडा किंवा लाकडाचा भुसा टाकतात आणि वर आलेली मळी काढून घेतात. त्या दिवसापासून ते आमच्या घरात 'शिसेकाका' झाले.

बंदूक या विषयात माझा अनुभव जत्रेतले फुगे फोडण्यापुरता. तिथली नळी वाकडी असते आणि ती वाकडी आहे हे फक्त फुगेवाल्याला माहीत असतं, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे. घरात बसून कोणी गोळ्या ओतायला लागला, तर पळी थंड व्हायच्या आत पोलीस दारात. तिकडे हा लोकांचा छंद. जशी आपल्याकडे माणसं निवृत्तीनंतर गच्चीवर गुलाब लावतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खताचं प्रमाण सांगत बसतात, तशी ही माणसं शिशाचं प्रमाण सांगत बसतात.

शिसं यायचं ते टायरवाल्याकडून. चाकाचा तोल साधायला रिमच्या कडेला जी लहान वजनं ठोकतात, ती जुनी वजनं काका बादलीनं आणत. पूर्वी ती सगळी शिशाची असत. आता त्यांत लोखंडाची आणि जस्ताचीही निघतात, आणि जस्त भांड्यात विरघळलं की सगळं ओतकाम बिघडतं. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, जस्त ४१९ला, त्यामुळे आच सांभाळली तर जस्त वर तरंगतं आणि काढता येतं. पण निवडून घेतलेलं बरं. हे निवडण्याचं काम काका पक्कडीनं एकेक वजन चावून करत, तासन्‌तास. आमच्या हिनं दहा मिनिटं ते पाहिलं, हातमोजे मागितले, परातीएवढा एक ट्रे पुढ्यात ओढला आणि तांदूळ निवडावेत तशी वजनं निवडायला बसली. एकेक फरशीवर टाकायची. 'टण' वाजलं की जस्त किंवा लोखंड, 'थप' वाजलं की शिसं. अर्ध्या तासात बादली संपली. काकांनी त्यांच्या भाषेत जे उद्गार काढले, त्याचा अर्थ हिनं मला विचारला. मी म्हटलं, "तुला माहेर कुठलं विचारतायत."

तिला ते गॅरेज आवडायला आणखी एक कारण होतं. तिथं कडक सोवळं होतं. शिसं विषारी, म्हणून तिथं काही खायचं नाही, प्यायचं नाही. गॅरेजचं भांडं घरात न्यायचं नाही, घरातलं गॅरेजमध्ये आणायचं नाही. बाहेर पडताना कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगावरचे कपडे वेगळे टाकायचे. "बघा," ती मला म्हणाली, "अमेरिकेत राहूनसुद्धा." सर्वांत मोठा विटाळ पाण्याचा. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातलं शिसं कारंज्यासारखं उडतं. गोळ्या ओतणारे लोक याला 'चमकीची परी येऊन गेली' असं म्हणतात. काकांच्या गॅरेजच्या छतावर रुपेरी ठिपक्यांचं एक नक्षत्र होतं. परी १९९४ साली येऊन गेली होती आणि तेव्हापासून काका चष्मा आणि जाड एप्रन घातल्याशिवाय भांड्याला हात लावत नसत.

साचा थंड असला की गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला की तिच्यावर दव पडल्यासारखी पांढुरकी झाक येते. म्हणजे पहिलं घावन कधीच नीट येत नाही, तो हिशेब इथंही लागू. फरक इतकाच, की बिघडलेली गोळी पुन्हा भांड्यात टाकून वितळवता येते. घावनाला ती सोय नाही, ते नवऱ्याच्या ताटात जातं.

इथपर्यंत मला सगळं समजत होतं. मग मापाचं प्रकरण सुरू झालं.

आमच्या सुताराचं सर्वांत लहान माप म्हणजे सूत, इंचाचा आठवा भाग. "दोन सूत मार" म्हटलं की रंधा फिरलाच. काकांचं माप होतं थाऊ, इंचाचा हजारावा भाग. एका सुतात असे सव्वाशे थाऊ. माणसाचा केस सुमारे तीन थाऊ जाड. आणि काका एका थाऊसाठी रात्र रात्र झोपत नसत.

कारण असं. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खोबणी असतात. गोळी त्यांच्यात घट्ट बसली तर फिरत फिरत सरळ जाते. शिशाची गोळी या खोबणींच्या व्यासापेक्षा एखाद-दोन थाऊ जाड हवी. बरोबर मापाची नको. बारीक तर नकोच नको. बारीक असली तर मागचा तापलेला वायू तिच्या अंगावरून पुढे निसटतो, जाता जाता शिसं खरवडून नेतो आणि ते नळीला आतून चिकटवतो. मग पुढची गोळी कुठंही जाते आणि माणूस तांब्याची घासणी लावून आठवडाभर नळी घासत बसतो. हे ऐकताना मी एकदम ओरडलो, "माया!" काका दचकले. मी त्यांना शिंप्याची माया समजावून सांगितली. त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला आणि भिंतीवरच्या फळ्यावर इंग्रजीत लिहून ठेवला.

काका स्वतः ही गोष्ट फार उशिरा शिकले होते. सुरुवातीची काही वर्षं नळीला शिसं चिकटलं की त्यांना वाटायचं, गोळी मऊ पडतेय. म्हणून त्यांनी ती कडक करायचा सपाटा लावला. एक जुना छापखाना बंद पडला, तिथून त्यांनी लायनोटाइपचा धातू आणला: शंभरात चौऱ्याऐंशी भाग शिसं, बारा अँटिमनी, चार कथील. तापत्या धातूत अक्षरांच्या ओळी ओतणारं हे यंत्र १८८६ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात पहिल्यांदा चाललं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं तिकडची वर्तमानपत्रं त्याच्यावर निघाली. त्यामुळे त्या विटांमध्ये निवडणुकांचे निकाल, मरणाच्या बातम्या, हवामानाचे खोटे अंदाज, सगळं वितळून एकत्र झालेलं. इतक्या अग्रलेखांचा नेम शेवटी कशावर तरी धरला गेला, हे पाहून मला बरं वाटलं. पण नेम काही लागला नाही. बारीक गोळी मऊ असेल, तर मागच्या दाबानं निदान थोडी फुगून नळीत बसायचा प्रयत्न तरी करते. बारीक आणि वर कडक, म्हणजे चुकीच्या मापाचा सदरा आणि त्याला भरपूर खळ. काकांची नळी त्या वर्षी इतकी शिसाळली की, ते म्हणाले, तिची शिसपेन्सिल झाली होती.

मी त्यांना सांगितलं, की शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. ते म्हणाले, "मग बंदुकांच्या मापाचं कौतुक तुम्हाला ऐकलंच पाहिजे."

आणि खरोखर, इतकी लबाड नावं मी कापडबाजारातसुद्धा ऐकलेली नाहीत. पॉइंट थ्री-एट म्हणून जे जगभर ओळखलं जातं, त्याची गोळी असते ०.३५७ इंच. जुन्या काळी गोळी आणि तिचं दारूचं नळकांडं एकाच जाडीचं असे. पुढे गोळी नळकांड्याच्या आत सरकली, बारीक झाली, नाव मात्र पहिलंच राहिलं. लग्नानंतर वीस वर्षं झाली तरी माहेरी 'बारकी'च म्हणतात, त्यातलाच प्रकार, फक्त उलट दिशेनं. फॉर्टी-फोर मॅग्नम, नाव ऐकूनच घाम फुटावा, तर ते ०.४२९. काकांची हरणाच्या शिकारीची लाडकी रायफल थर्टी-थर्टी. त्यातले पहिले तीस म्हणजे इंचाचे तीस शतांश आणि दुसरे तीस म्हणजे दारूचं वजन, तीस ग्रेन. मापात वजन मिळवलेलं! खोबणीतला व्यास तिसरंच काहीतरी, ०.३०८, आणि माया धरून ओतायची गोळी ०.३०९ किंवा ०.३१०. छर्ऱ्याच्या बंदुकांचा तर हिशेबच बाजारातला. ट्वेल्व्ह बोअर म्हणजे त्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोल गोळ्या घेतल्या, की पौंड भरतो. पौंडाला बारा! आंब्याचा भाव वाटतो.

त्या मानानं जुनी माणसं सरळ. हातानं घडवलेल्या बंदुकीबरोबर तिचाच गोळ्यांचा साचा मिळे. घरी गोळ्या ओतायची ही चाल सांगताना काकांना नेहमी लिचफिल्डची आठवण यायची. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा न्यूयॉर्कमध्ये वाचला गेला त्या दिवशी, ९ जुलै १७७६ला, जमावानं तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा ओढून पाडला. पुतळा शिशाचा, वरून सोन्याचा मुलामा. तुकडे गाड्यांवर घालून कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी नेले आणि तिथं एका घराच्या आवारात बायकापोरांनी त्यांच्या गोळ्या ओतल्या. हिशेब लिहून ठेवलेला आहे: ४२,०८८. "मोजल्या!" काका अभिमानानं म्हणायचे. क्रांती चालू असताना कोणीतरी बसून त्या अठ्ठ्याऐंशीसुद्धा मोजल्या, याचं मला काकांपेक्षा जास्त कौतुक. मी बँकेत होतो.

नळीचं खरं माप काढायची रीत सोपी आहे. मऊ शिशाचा एक गोळा तेल लावून नळीच्या तोंडात ठोकायचा आणि गजानं पार दुसऱ्या बाजूला ढकलत न्यायचा. तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्यावर आतल्या सगळ्या खोबणींचा छाप उठलेला असतो. मग मायक्रोमीटरनं मोजायचं. थर्टी-थर्टीचं हे काम एका दुपारी झालं.

दुसऱ्या दिवशी काकांनी कापडात गुंडाळलेली दुसरी रायफल काढली. थ्री-नॉट-थ्री. लष्करानं मोडीत काढलेली, त्यांनी कधीकाळी स्वस्तात घेतलेली. तिच्या पितळी-लोखंडी भागांवर अक्षरं कोरलेली: आरएफआय, आणि वर चक्क आपले अशोकस्तंभाचे सिंह. इशापूरची रायफल फॅक्टरी! मला परदेशात गावचा माणूस भेटल्यासारखं झालं. मी तिच्या दस्त्यावरून हात फिरवला. तिकीट न काढता तीही इथं मुलाकडे आल्यासारखी येऊन राहिली होती.

पण गावचा माणूस म्हटल्यावर घोटाळा आलाच. नावात ३०३, कारखान्यात मिळणारी गोळी ०.३११ ते ०.३१२, आणि हिच्या नळीत खोबणी पाच. चार किंवा सहा असत्या, तर समोरासमोर दोन खोबणी आल्या असत्या आणि मायक्रोमीटरच्या चिमटीत सापडल्या असत्या. पाच म्हटल्यावर प्रत्येक खोबणीसमोर उंचवटा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मोजायचं काय?

शिंप्याचा मुलगा पुढे सरसावला. मी म्हटलं, "समोरासमोर कशाला मोजायचं? छाती कशी मोजतो? घेर घ्या!" मुलीच्या शिवणाच्या डब्यातून दोरा आणला, गोळ्याला गुंडाळला, खूण केली, पट्टीवर धरला. इंचाला किंचित कमी. त्याला ३.१४नं भागायचं. काका सगळं शांतपणे बघत होते. मग त्यांनी माझा दोरा मायक्रोमीटरमध्ये धरला. दोराच मुळी आठ थाऊ जाडीचा निघाला. वर पट्टीवर वाचताना माझी अर्ध्या सुताची चूक सहज झाली असती. म्हणजे मी ज्या चुकीच्या शोधात निघालो होतो, तिच्यापेक्षा मोठ्या चुका बरोबर घेऊनच निघालो होतो.

"पण," काका म्हणाले, "गुंडाळायची कल्पना वाईट नाही." त्यांनी एक थाऊ जाडीची पितळी पट्टी काढली, कात्रीनं चिंचोळी कापली, गोळ्याभोवती घट्ट गुंडाळली. पट्टीनं दरीवरून पूल टाकला, मायक्रोमीटरला धरायला जागा झाली. आलेल्या आकड्यातून पट्टीची दोन्ही बाजूंची जाडी वजा केली: ०.३१५. म्हणजे दोरा बरोबरच होता, फक्त पितळेचा हवा होता. घरी मी ही गोष्ट इतकीच सांगितली.

आता गोळी हवी ०.३१६ किंवा ०.३१७, आणि काकांचा साचा देत होता ०.३१४. लहान करणं सोपं असतं. घोटलेल्या पोलादी कड्यातून गोळी दाबून आरपार काढली, की ती त्या मापाची होते. मोठं करणारं कडं अजून कोणी काढलेलं नाही. वडीलही हेच म्हणत: जास्त झालेलं कापता येतं, कापलेलं वाढवता येत नाही. पण काकांनी साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले. साचा केसभर उघडा राहिला, गोळी केसभर सुजली. किंचित अंडाकृती आली, पण मग कड्यातून काढून गोल केली. त्या आधी कडंही, काठीला पॉलिशपेपर गुंडाळून, आतून दोन थाऊ मोठं करून घेतलं. त्यात तीन दिवस गेले. माझ्या जावयानं ऑनलाइन विचारून पाहिलं, तर हव्या त्या मापाची तयार कडी विकत मिळत होती. काकांना ते माहीत होतं. त्यांनी जावयाकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी 'पुरणपोळी चितळ्यांकडे मिळते की' म्हटल्यावर आमची ही बघेल.

गोळ्यांना वंगण लावायची वेळ आली, तेव्हा हिनं डबी नाकाशी नेली. "यात काय घातलंय? चरबी नाही ना?" काकांना प्रश्न कळला, त्यातली धास्ती कळली नाही. मधमाशांचं मेण आणि थोडं तेल, ते म्हणाले. मग मी सांगितलं, की जिथली ही रायफल, त्या इशापूरच्या शेजारीच बराकपूर आहे, आणि तिथं २९ मार्च १८५७ला मंगल पांडेनं जे केलं, त्याच्यामागे अशाच एका डबीबद्दलची शंका होती. तेव्हाच्या एनफिल्ड रायफलीची नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८, वंगण लावलेल्या कागदात गुंडाळलेली, आणि तो कागद दातांनी तोडायचा. काका मेणाची डबी हातात घेऊन ऐकत राहिले. त्यांना वंगणाचं प्रकरण नवं होतं, पण आकडे पाठ होते. "तिथं उलटं गणित," ते म्हणाले. "गोळी तोंडाकडून खाली ढकलायची, म्हणून नळीपेक्षा बारीकच हवी. तरी काजळी साचली की अडकायची. मग पुढे इंग्रजांनी ती आणखी बारीक केली, ०.५५०." मग बारीक गोळी खोबणीत कशी बसायची? तर फ्रान्सच्या क्लोद मिनिए या लष्करी अधिकाऱ्यानं १८४९च्या सुमारास काढलेली युक्ती. गोळी बुडाशी पोकळ ठेवायची; बार उडाला, की आत शिरलेल्या दाबानं तिचा घेर फुलतो आणि ती नळीत गच्च बसते. जाताना लहान, निघताना मापात.

म्हणजे वाढत्या अंगाची! मी काकांना ते शब्दशः भाषांतर करून सांगितलं आणि साताऱ्याचे नऊ महिनेही. ते इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. फळ्यावर 'माया'खाली दुसरी ओळ आली.

इशापूरच्या गोळ्या अखेर बसल्या. मग काकांना हुक्की आली, की आता वंगणाऐवजी रंगाची पूड चढवून भाजून बघू. प्लॅस्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पूड घालून खुळखुळवल्या, गॅरेजमधल्या टोस्टर-ओव्हनमध्ये वीस मिनिटं ठेवल्या. शंकरपाळ्यांसारख्या छान रंगल्या. त्या रंगाच्या थरानं प्रत्येक गोळी दोन थाऊ जाड झाली. काका स्टुलावर बसले, सगळ्या पुन्हा मोजल्या, आणि पोलादी कडं शोधायला उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क आनंद दिसला.

निघायच्या आदल्या दिवशी ते जेवायला आले. हिनं मुलीच्या मशीनवर त्यांच्यासाठी सुती सदरा शिवला होता, टेप न लावता, सासऱ्यांसारखा नजरेच्या मापानं. काकांनी तिथंच घालून पाहिला. खांदे दंडावर उतरले, बाह्या बोटांपर्यंत आल्या. त्यांनी हात पसरून मला विचारलं, "किती थाऊ जास्त आहे?"

ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "सांगा त्यांना, वाढत्या अंगाचा आहे."

मी सांगितलं. काकांनी सदरा काढला, उलटा केला, शिवण बोटानं उलगडली आणि पँटच्या खिशातून कॅलिपर काढला.

"सातशे पन्नास," ते म्हणाले. मग दुसरी बाजू मोजली.